पातीत सोडलेलं गवत

वऱ्हाडात हरणांचे फोटो काढायला निघाले तेव्हा माझ्या पाठीवरचं ओझं अकरा किलोंचं होतं. दोन कॅमेरे, हातभर लांबीची लेन्स, ट्रायपॉड, झाडाझुडपांत मिसळून जाणारा हिरवा-तपकिरी ठिपक्यांचा पोशाख, त्याच कापडाची टोपी आणि तोंडावर ओढायची जाळी. सगळं होतं. फक्त विळा नव्हता, आणि शेवटी तोच लागला.

मी साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गेली बरीच वर्षं सुट्टी मिळाली की प्राण्यांचे फोटो काढत हिंडते आणि आल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ते बघायला लावते. मला हरणं कळतात, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलेलं आहे. आमच्या फोटोमंडळाचं प्रदर्शन फेब्रुवारीत होतं आणि त्यासाठी मला काळवीट हवा होता. अभयारण्यात जीपमधून टिपलेला नको, उघड्या रानातला, पायाखाली काळी माती असलेला. माझी कॉलेजची मैत्रीण सुनंदा अकोल्याला सरकारी नोकरीत आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "इकडे ये ना मग. आमच्याकडे हरणं शेतातच राहतात. शेतकऱ्यांना विचारशील तर ते म्हणतील, फोटो कशाला, हरणंच घेऊन जा."

डिसेंबरात रजा टाकली आणि गेले.

अकोला, पहिला दिवस

साताऱ्याच्या माणसाला डोंगराशिवाय आभाळ बघायची सवय नसते. अकोल्याबाहेर पडल्यावर पहिला तासभर मला आपण चुकून उघड्यावर आलोय असंच वाटत होतं. नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन, मध्ये तुरीचे उंच पट्टे, वेचून झालेल्या कपाशीची काळपट पऱ्हाटी आणि त्यांच्यामधून वीतभर वाढलेला हिरवागार हरभरा. आणि साड्या. शेताच्या चारी बाजूंनी बांबू रोवून त्यांना जुन्या साड्या आडव्या बांधलेल्या. गुलाबी, पोपटी, जांभळ्या, काठाच्या, बिनकाठाच्या. हरणं आणि डुकरं आत येऊ नयेत म्हणून हे कुंपण. आमच्याकडे जुन्या साडीची गोधडी होते, इथे ती शेताची राखण करते.

दुपारी मी एका धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, पालथी पडले. पोशाख, टोपी, जाळी, सगळं चढवून. तीन तास उठले नाही. कळप होता, चांगला तीस-पस्तीस जणांचा, पण पाऊण किलोमीटरवर. मी कोपरावर दोन हात पुढे सरकले की कळप दोनशे पावलं मागे जायचा. तेवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई कळपाच्या अगदी जवळून गेली. एकाही हरणाने मान वर केली नाही. मला त्या बाईचा राग आला. माझ्या चौकटीत आली म्हणून. तिच्याकडून काही शिकावं हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी सुनंदाने माझा अवतार पाहिला आणि पोट धरून हसली. "तू तिथं पडून काहून राहिली होती? आमच्याकडे शेतात पालथा पडलेला माणूस एक तर पिलेला असतो, नाही तर चोर."

"हे तंत्र आहे," मी म्हटलं.

"असेल. हरणांना सांगितलं का?"

दुसऱ्या दिवशी तिने मला अमरावतीच्या बसमध्ये बसवून दिलं. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एका गावात तिची मावसबहीण इंदूताई राहते, तिच्या हरभऱ्यात रोज हरणं असतात, एवढा पत्ता मला पुरेसा होता.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, दुसरा दिवस

अमरावतीत बस बदलताना मी गिला वडा खाल्ला. भिजून मऊ झालेला वडा, त्यावर दही, त्यावर तिखट-गोड चटण्या. आमच्या दहीवड्याचाच भाऊ, पण जास्त मोकळ्या स्वभावाचा. दोन प्लेटी खाल्ल्या आणि कॅमेऱ्याच्या पिशवीवर दही सांडून घेतलं. तिथपासून शेवटपर्यंत त्या पिशवीला मुंग्या येत राहिल्या.

इंदूताई पंचावन्नच्या आसपासच्या. अंगाने काटक, आवाज मात्र दोन शेतं ओलांडेल असा. दारातच "जयभीम" झाला, हातात पाण्याचा तांब्या आला आणि पाणी पिऊन व्हायच्या आत पहिला प्रश्न.

"हरनायचे फोटो काढाले आल्या म्हने तुमी?"

"हो."

"येवढ्या दुरून?"

"हो."

"कॉलेजात शिकोता ना मॅडम तुमी?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. प्रल्हादभाऊ पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. ते नुसते मिशीत हसले.

वऱ्हाडी माणूस फटकळ, असं आमच्याकडे म्हणतात. दोन दिवसांत माझं मत बदललं. मनात एक आणि तोंडावर एक ठेवायचे कष्ट ही माणसं घेत नाहीत, एवढंच. त्या रात्री इंदूताईंनी ज्वारीची भाकर, झुणका आणि हरभऱ्याचा घोळाना वाढला. हरभऱ्याचे कोवळे शेंडे बारीक चिरून त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चं तेल. मी तिसऱ्यांदा मागितला तेव्हा इंदूताई म्हणाल्या, "खा, खा. हरनायच्या अगुदर तुमी तरी खा." मग जेवण होईपर्यंत हरणांचा उद्धार चालला. रांडेचे शेंडे खातेत, घाटे आले की घाटे खातेत, काही उरलंच तर वरून लोळून जातेत. चार एकरांभोवती त्यांनी साड्यांचं कुंपण घातलं होतं आणि प्रत्येक साडी कुणाची ते त्यांना पाठ होतं. नणंदेची, विहिणीची, एक तर स्वतःच्या हळदीची. "माह्या हळदीच्या साडीवरून उडी मारते तो कायवीट," त्या म्हणाल्या. "लाज नाही त्याले."

तो काळवीट मला हवा होता.

तिसरा दिवस

सकाळी मी पूर्ण पोशाखात इंदूताईंच्या शेतात गेले. इंदूताई धरून चार बाया हरभरा निंदत होत्या. आमच्याकडे या कामाला भांगलण म्हणतात, इकडे निंदण. प्रत्येकीने चार-पाच ओळींचा आपला पट्टा धरायचा, त्याला पात म्हणायचं, आणि विळ्याने गवत कापत, उपटत सगळ्यांनी एका रेषेत पुढे सरकायचं. मी त्यांच्यापासून लांब, तुरीच्या कडेला दबा धरला. कळप आला. काळवीट आला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पिळाची शिंगं. बायांपासून पन्नास पावलांवर तो निवांत शेंडे खुडत होता. मी जाळीआडून लेन्स उचलली मात्र, त्याने माझ्याकडे पाहिलं, नाकातून आवाज केला आणि सगळा कळप उड्या घेत नाहीसा झाला. पार त्या हळदीच्या साडीवरून.

बाया हसल्या. मोकळ्या तोंडाने, विळे खाली टाकून हसल्या. त्यांतली बेबीबाई इंदूताईंची शेजारीण, स्वतःचंही वावर असलेली आणि सावडीने, म्हणजे आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे अशा बोलीने, कामाला आलेली. ती म्हणाली, "मॅडम, तुमाले पाहून आमीच पयालो असतो."

धुऱ्यावर बसलेले प्रल्हादभाऊ दिवसभरात एवढंच बोलले. "असे कपडे घालून इकडे दोघंच येतेत. एक शिकारी अन् दुसरे फोटोवाले. हरन का इचारत बसन, कोन होय म्हनून?"

खरं तर मला झोंबलं. पण फिजिक्स शिकवणारीला पुरावा नाकारता येत नाही. दोन दिवस, दोन प्रयोग, उत्तर एकच. वाकून काम करणाऱ्या बाया त्यांच्या रोजच्या, आणि लपणारा माणूस संशयाचा.

"मग मी काय करू?" मी इंदूताईंना विचारलं.

"निंदा," त्या म्हणाल्या. "उद्या पात धरा आमच्या संगं. वाका, अन् घडीघडी वरतं पाहू नोका."

चौथा दिवस

पहाटे शेतात पोचलो तर प्रल्हादभाऊ हरभऱ्यावर एक धुतलेलं फडकं पसरून फिरवत होते. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत आंबट दव धरतं, ते फडक्यात टिपून पिळून ठेवायचं. त्याला आंब म्हणतात, पोट दुखलं की औषध. मला हे नंतर समजलं. त्याआधी मी ते स्वच्छ फडकं दिसलं म्हणून त्यानेच लेन्स पुसली होती. भिंगावर जे पांढरे ओघळ आले ते काढण्यात अर्धा तास गेला. दुपारपर्यंत माझ्या घोट्यांची त्याच आंबेने आग आग झाली. बायांच्या पायांना काही होत नव्हतं.

पण मी आता ठिपक्यांच्या पोशाखात नव्हते. इंदूताईंची विटकी साडी, वरून प्रल्हादभाऊंचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला दस्ती. सगळ्या बाया अशाच होत्या. कॅमेरा टोपल्यात, त्यावर भाकरीचं फडकं. टोपलं माझ्या पातीत मागून ओढत न्यायचं. पहिल्या तासात मी गवतापेक्षा हरभराच जास्त उपटला. बेबीबाई माझ्या मागे येऊन एकेक रोप उचलून दाखवायची आणि म्हणायची, "हेबी गवत वाटलं का तुमाले?"

दहाच्या सुमारास कळप आला. मी मान खालीच ठेवली. कानांवर त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज येत होता, इतके ते जवळ होते. मी टोपल्यात हात घातला, कॅमेरा गुडघ्यावर टेकवला आणि वाकलेल्या अंगानेच बटण दाबलं. काळवीट चाळीस पावलांवर. मान वळवलेली, शिंगांवर उन्हाची धार, मागे गुलाबी साडीचं कुंपण. तोच फोटो, ज्यासाठी मी आले होते. मी तो लहान पडद्यावर पाहिला आणि मला हसू आवरेना. जमलं होतं. मला हरणं कळतात हे पुन्हा एकदा सिद्ध झालं, असं मी मनाशी म्हटलंही.

जेवण झालं. जेवणाच्या वासाने इंदूताईंचे दोन कुत्रे, वाघ्या आणि मोती, गावातून मागे आले होते. ते तुरीच्या सावलीत पडले. आम्ही पुन्हा पाती धरल्या. आणि माझ्या शेजारच्या पातीत बेबीबाईचा विळा एकाएकी थांबला. ती ओरडली नाही. तिने फक्त कोपराने मला ढोसलं आणि डोळ्यांनी खाली दाखवलं.

हरभऱ्याच्या दोन ओळींत गवताचं एक दाट बेट होतं. त्यात हरणाचं पाडस बसलं होतं. मातीच्याच रंगाचं, मान जमिनीला चिकटवलेली, डोळे उघडे. चार-सहा दिवसांचं असेल. डाव्या कानाच्या टोकाला एक चीर होती, जन्मतानाच कशाने तरी गेलेली. श्वासाखेरीज त्याचं काही हलत नव्हतं.

इथे या बायांची एक रीत आहे. पाडस दिसलं की तेवढ्या जागचं निंदण सोडायचं. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, थांबायचं तर नाहीच. जशा सरकत होतो तशाच पुढे सरकायचं. त्याची आई लांबून बघत असते. तिला वाटलं पाहिजे की या बायांना काही दिसलेलं नाही. बेबीबाईने साडीच्या फाटक्या पदराची एक चिंधी काढली, पऱ्हाटीच्या काडीला बांधली, काडी गवताच्या बेटाशेजारी खोचली आणि पुढे गेली. उद्या येणारीचा विळा तिथे पडू नये, म्हणून ती खूण.

इंदूताईंनीही पाहिलं आणि त्याही पुढे गेल्या. मी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही तर हरणांना शिव्या देता."

"मोठ्यायनं खाल्लं," त्या म्हणाल्या. "यानं का खाल्लं आपलं?"

हे सगळं मला समजलं होतं. नीट समजलं होतं, म्हणून पुढचं सांगायला लाज वाटते. मी थांबले. एकच फोटो, असं म्हणून गुडघ्यांवर बसले. मग कोपरांवर. ते हलत नव्हतं आणि ऊन सुंदर पडलं होतं, डोळ्यात आख्खं आभाळ दिसत होतं. बाया वीस पावलं पुढे गेल्या, मग पन्नास. मी त्यांच्या रेषेतून सुटून एकटी तिथे पडून होते, पुन्हा तीच अकोल्याची पालथी पडलेली बाई. धुऱ्यावर हरणी आली होती. पुढचा पाय आपटत होती, दोन पावलं येत होती, मागे फिरत होती. मला ती दिसत होती आणि मी फोटो काढतच होते. वीस मिनिटं तरी गेली असतील.

मग मागून गवतात खसखस झाली. वाघ्या आणि मोती. माणूस एका जागी बसून खाली बघतोय म्हणजे तिथे खायला काहीतरी आहे, एवढं गणित गावातल्या कुत्र्यालाही येतं. मोतीचं नाक माझ्या खांद्यापाशी होतं, आणि त्याची नजर पाडसावर.

"हाऽऽड!" इंदूताईंचा आवाज. मग ढेकळं. एक मोतीला लागलं, एक मला. त्या धावत आल्या, दोन्ही कुत्र्यांच्या मानांना धरून त्यांनी फरपटत बाजूला नेलं. वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर पाहुणचाराचा मागमूस नव्हता.

"उठा तिथून! कवाची पाहून राह्यली मी. तुमच्या फोटोपायी मरन ना ते! आता ह्यायनं जागा पाह्यली, सोडतेत का हे?"

मी उठले. चाळीस वर्षं निंदणाऱ्या बायांनी डोळ्यांदेखत पाळून दाखवलेली रीत मी हुशारीच्या भरात मोडली होती. आणि त्याची किंमत मी देणार नव्हते. ते चार दिवसांचं पोर देणार होतं.

कुत्र्यांना भाकरीच्या फडक्यांनी बांधून प्रल्हादभाऊ घरी घेऊन गेले. आम्ही शेताच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन दिवस मावळेपर्यंत निंदलो. हरणी परत आली का, ते कोणी पाहिलं नाही. इंदूताईंनी पाहूच दिलं नाही. घरी गेल्यावर कुत्रे अंगणात दोरीने बांधले. त्या रात्री जेवताना कुणी हरणांना शिव्या दिल्या नाहीत, आणि मी घोळाना दुसऱ्यांदा मागितला नाही.

पाचवा दिवस

सकाळी अंगणात वाघ्या होता. मोतीची चावून तोडलेली दोरी खुंटीला लोंबत होती.

इंदूताई तडक शेताकडे निघाल्या, त्यांच्यामागे मी. चिंधीची काडी तशीच उभी होती. गवताचं बेट दबलेलं, मधली जागा रिकामी. मी खाली वाकून पाहिलं. रक्त नव्हतं. केस नव्हते. कुत्र्याच्या पायांचे ठसे होते, पण ते कालचे की आजचे, हे त्या भुसभुशीत मातीत मला तरी सांगता आलं नसतं.

"तुरीत बघून येऊ का?" मी विचारलं. "तिकडे असेल."

"नोका जाऊ. माय तिथी असन त तुमच्यानं अजून पयन."

"पण नक्की काय झालं ते..."

"आपल्याले कयलंच पाह्यजे, असं काही हाय का?" त्या म्हणाल्या. "पात धरा."

मी पात धरली. कॅमेरा टोपल्यातच राहू दिला. त्या दिवशी कळप आला नाही. मी गवत तेवढं उपटलं, हरभऱ्याचं एकही रोप उपटलं नाही, आणि बेबीबाई मागे आली नाही. अकराच्या सुमारास मोती कुठूनसा आला आणि धुऱ्यावर अंग चाटत बसला. पोट भरलेलं दिसतंय का, म्हणून मी त्याच्याकडे चोरून चोरून पाहत होते. इंदूताईही पाहत होत्या.

दोनची बस होती, बडनेऱ्याहून रात्रीची गाडी. इंदूताई फाट्यापर्यंत आल्या. पिशवीत हरभऱ्याची वाळवलेली भाजी, एका बाटलीत आंब. मी म्हटलं, "इंदूताई, माझं चुकलं."

आमच्याकडे यावर म्हणतात, छे हो, तुमचं काय चुकलं, चालायचंच. इंदूताई तसं म्हणाल्या नाहीत.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "वाचलं असन त वाचलं असन, मेलं असन त मेलं असन. आता काही होत नाही त्याचं. पन पुन्हा असं करू नोका बाई." आणि मग बसमध्ये माझी पिशवी त्यांनीच वर ठेवली, कारण माझ्या हातांना विळ्याचे फोड आले होते.

पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम न म्हणता बाई म्हटलं होतं. निंदणाऱ्या एकमेकींना म्हणतात तसं.

सातारा

काळविटाचा फोटो प्रदर्शनात लागला. लोकांनी तो भरपूर नावाजला आणि नावाजण्यासारखा तो आहेच, यात मी खोटा विनय दाखवणार नाही. मागच्या गुलाबी साडीबद्दल प्रत्येकाने विचारलं. एवढ्या जवळून कसा मिळाला, हेही विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं, वाकून.

पाडसाचे फोटो मात्र मी कुणाला दाखवले नाहीत. सदतीस होते. मी आजवर काढलेल्यांतला सगळ्यात चांगला फोटो त्यांत आहे, हे मला न उघडताही माहीत होतं. पण जिवंत पाडसाचा म्हणून तो भिंतीवर लावायचा, आणि ते त्याच रात्री माझ्यामुळे मेलेलं असायचं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. इंदूताईंना फोन करायचा धीरही होत नव्हता. सुनंदाकडे चौकशी केली की ती म्हणायची, तूच विचार, माझ्या बहिणीला फोन करायला काय व्हिसा लागतो का.

फेब्रुवारी सरता सरता फोन आला तो त्यांचाच. काळविटाच्या फोटोची प्रत मी पोस्टाने पाठवली होती, ती मिळाली होती.

"फोटो चांगला आला," त्या ओरडून म्हणाल्या. फोनवरही त्यांचा आवाज दोन शेतं ओलांडणारा. "पन माह्या विहिनीची साडी फाटकी दिसते त्यात. तिनं पाह्यला. रागावून राह्यली."

मी हसले. मग हरभऱ्याची चौकशी केली. काढणीला आला होता. बेबीबाईची केली.

"इंदूताई," मी म्हटलं, "ते पाडस..."

"थेच सांगाले फोन केला ना तुमाले!" त्या म्हणाल्या. "काल सकायी कळपात होतं. डावा कान चिरलेला, म्हनून ओयखलं. माह्या हरभऱ्याचे घाटे खाऊन राह्यलं होतं, चोट्टं!"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? ढेकूळ फेकून मारलं त्याले. लागलं नाही. लय पयते बाई ते आता."

त्या संध्याकाळी मी तो फोटो पहिल्यांदा उघडला. दुसऱ्या दिवशी छापायला दिला, दोन प्रती. एक माझ्या भिंतीवर आहे. दुसरी नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या त्या घरी गेली, आणि तिच्याबरोबर माझी एक जुनी साडी, कुंपणाला.